दिंद्रुडच्या पुढचं वळण

"ह्याला वळवायला आख्खं गाव पाडावं लागंल, बे."

गेवराईच्या नाक्यावर, चहाच्या टपरीपाशी, वाळूच्या ट्रकचा एक ड्रायव्हर दुसऱ्याला असं म्हणाला आणि दोघं हसले. मी त्यांच्या डोक्यावर, केबिनच्या उघड्या खिडकीत बसले होते. त्यांचं आधी लक्ष नव्हतं. मला पाहिल्यावर ते गप्प झाले आणि बशीतला चहा फुंकू लागले. मीही मान वळवून समोरच्या काचेकडे बघत राहिले. अनोळखी माणसांसमोर मी नेहमी हेच करते.

ते ज्याला हसत होते तो आमचा ट्रेलर होता. पुढे घोडा (इंजिन आणि केबिन असलेला, ओढणारा भाग), त्याला मागे जोडलेला लांबलचक लोखंडी पाटा, आणि पाट्यावर साखळदंडांनी आवळलेला बॉयलरचा ड्रम. हा ड्रम भोसरीच्या एका कारखान्यात तयार झाला होता आणि दिंद्रुडच्या पुढे उभ्या राहणाऱ्या एका नव्या साखर कारखान्यात जायचा होता. टपरीवरची माणसं चहा हातात घेऊनच पाट्याच्या कडेने चालत जात आणि परत येऊन एकमेकांना लांबी सांगत. प्रत्येकाची लांबी वेगळी.

ट्रेलर माझ्या बाबांचा. त्यांनी आयुष्यभर आखूड ट्रक चालवले. आखूड गाडी खड्ड्यात आधी पुढून आपटते, लगेच मागून आपटते, आणि आत बसलेल्या माणसाचं कंबरडं दोन्ही वेळा मोडतं, असं ते म्हणायचे. त्यांचं कंबरडं खरोखरच गेलं. बाजार खुला झाला, जिकडेतिकडे नवे कारखाने निघाले, अवजड यंत्रं रस्त्यावर दिसू लागली, तेव्हा त्यांनी दोन्ही जुने ट्रक विकून हा ट्रेलर घेतला. कमरेला पट्टा बांधून पलंगावर पडल्यापडल्या ते आम्हाला त्याचे गुण ऐकवत. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी गाडी कमी उसळते. वजन सगळ्या चाकांवर सारखं पडतं. लांब माल मागून लोंबत नाही. तीन खेपांचं काम एका खेपेत होतं. माझी परीक्षा संपली होती आणि नोकरी लागायची होती. आपली गाडी कुठे जाते ते एकदा बघून ये, असं बाबा म्हणाले. त्यांना स्वतःला जाता येत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी निघाले.

विनूकाका, बाबांचे धाकटे भाऊ, जीपमधून पुढे रस्ता बघत जात होते. मी नगरपर्यंत त्यांच्याबरोबर होते. पण जीपमध्ये जॅक, फळ्या आणि साखळ्या भरल्या होत्या, धूळही फार, म्हणून नगरच्या पुढे मी केबिनमध्ये आले. चालवायला हनीफचाचा होते. बाबांच्या पहिल्या ट्रकपासून ते आमच्याकडे आहेत. घाटातली वळणं ट्रेलरला झेपणार नाहीत म्हणून आम्ही नेवाशाकडून वळसा घेऊन शेवगावमार्गे आलो. त्यात अर्धा दिवस जास्त गेला. वाटेत चाचांनी काचेखालच्या फळीवर चहाचा भरलेला स्टीलचा पेला ठेवला आणि बोट न लावता मैलभर गाडी चालवली.

"बघ बेटा, सांडला का? आखूड गाडीत आतापर्यंत माझ्या मांडीवर आला असता."

चहा नुसता हलत होता. मला ते आवडलं, आणि मी मनात ठरवलं की घरी गेल्यावर बाबांना हे पहिलं सांगायचं.

वाळूवाल्याचं बोलणं मी गेवराईतच काकांच्या कानावर घातलं. काका म्हणाले, त्यांचे टिपर आपल्या पाट्यावर दोन मावतील, म्हणून जळतात.

माजलगावच्या अलीकडे कालव्यावर एक उंच पूल आहे. साधी गाडी त्यावरून टुणकन चढते आणि उतरते. आमची पुढची चाकं चढून उतरू लागली तेव्हा मागची अजून चढायचीच होती, आणि पाट्याचं पोट मधोमध पुलाच्या माथ्याला टेकलं. लोखंड दगडावर घासल्याचा तो आवाज मी अजून विसरले नाही. हनीफचाचांनी इंजिन बंद केलं आणि उतरून पाट्याखाली वाकून पाहिलं. चाकांमधलं जे अंतर चहा सांडू देत नव्हतं, तेच इथे आडवं आलं होतं.

जॅक लावून, फळ्या आणि दगड सारून, वीत वीत पुढे सरकत गाडी पुलावरून उतरवण्यात दुपार गेली. दोन्ही बाजूंना बैलगाड्या, एसटी, मोटरसायकली खोळंबल्या. कोणी फारसं चिडलं नाही. एसटीतल्या एका बाईने खिडकीतून मला हाक मारली, "कावून अडकलाव?" मी म्हणाले, "वाहनाची लांबी अधिक असल्यामुळे." तिने शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. माझं मराठी पुस्तकातून आलेलं, आणि घाईच्या वेळी ते असं इस्त्री करून बाहेर पडतं. त्यानंतर मी त्या दिवशी कोणाशीच बोलले नाही.

रात्री माजलगावात राहिलो. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेली आमटी) होती. काका थकले होते, पण खुशीत होते. पूल पार झाला म्हणजे सगळं झालं, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंद्रुड मागे पडलं. कालव्याचं पाणी जिथवर पोचतं तिथवर ऊस आणि मोठी ज्वारी. ते संपलं की एकदम माळ, तुरीच्या खुंटांची शेतं आणि बाभळी. गावं लागत होती, पण गावात माणसं दिसत नव्हती. बऱ्याच घरांना कुलूप होतं आणि कुलपापुढे बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या होत्या. हनीफचाचांनी सांगितलं की घरची माणसं ऊस तोडायला गेली आहेत, कोणी सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. दिवाळीनंतर जातात ती थेट उन्हाळ्यात येतात. शेळ्या-कुत्री दारात शिरू नयेत म्हणून काट्या लावून जातात. चोरायला आत काही नसतं.

नवा कारखाना झाला की ह्या लोकांना लांब जावं लागणार नाही, असं काका मला कालच म्हणाले होते. त्या काट्यांकडे बघताना मला ते आठवलं आणि बरं वाटलं.

कारखान्याच्या अलीकडचं शेवटचं गाव लहान आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. रस्ता गावात शिरतो आणि मधोमध काटकोनात डावीकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला सिमेंट-पत्र्याचं नवं दुकान, त्याच्यापुढे तीन पायऱ्यांचा रुंद ओटा. आतल्या बाजूला, अगदी कोपऱ्यावर, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं आणि पत्र्याचं एक घर.

लांब गाडी वळते कशी, ते मला तिथे समजलं. पुढचा घोडा वळतो, पण मागची चाकं त्याच्या मागोमाग जात नाहीत. ती कोपरा कापतात. पाटा जेवढा लांब, तेवढा कोपरा जास्त कापला जातो. हनीफचाचांनी घोडा दुकानाच्या ओट्याला घासेल इतका बाहेर घेतला, तरी मागची चाकं त्या मातीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर आली आणि अजून अर्धं वळणही झालं नव्हतं. त्यांनी गाडी थांबवली. मागे घेणंही सोपं नव्हतं. जोडलेला पाटा मागे ढकलला की उलट्या दिशेला दुमडतो, आणि रस्त्याच्या एका अंगाला पाण्याची खोल चारी होती. शेतातून वळसा घालावा तर काळी माती, तिच्यात एवढं वजन रुतून बसलं असतं. ड्रम उतरवायचा तर क्रेन हवी, आणि क्रेन कारखान्यावर होती, तीही कामात गुंतलेली.

अर्ध्या तासात गावातली उरलीसुरली माणसं जमली. कारखान्याची जमीन, मजूर, रस्ते पाहणारे भगवानराव मोटरसायकलवरून आले. त्यांनी गाडीकडे बघितलं, कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ही कोपऱ्यावरची खोली काढू. जशी एखादी खुर्ची बाजूला काढायची असते तसं.

दुकानाचे अप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे लावलेले, बोलायला मऊ, यांनी मला उन्हात बसलेली पाहून घरात बोलावलं. एका बाईमाणसाला रस्त्यावर कशाला बसवायचं, असं ते काकांना म्हणाले. त्यांच्या बायकोने हातपाय धुवायला पाणी दिलं, मोरीची जागा दाखवली, आणि सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला पदार्थ) बशीत भरून दिली. ती गरम होती, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी दोनदा घेतली.

त्यांच्या खिडकीतून समोरचं घर दिसत होतं. दारात बाभळीच्या काट्या नव्हत्या. एक बाई माझ्याच वयाची, पोट पुढे आलेली, उंबऱ्यात उभी राहून माणसांच्या घोळक्याकडे बघत होती. अप्पांच्या बायकोने सांगितलं, ती सिंधू. नवरा आणि सासू तोडीला गेलेत. तोडीला जोडी लागते, दोघांचा मिळून एक कोयता धरतात. सुनेच्या जागी आवंदा सासू गेली. मागे ही आणि दमेकरी सासरा, त्याला सगळे तात्या म्हणतात.

बशी ठेवून मी बाहेर आले. अप्पांच्या घरात बसून ते घर बघत राहणं मला जमेना. काकांनी मला हाताने खूण केली. बायकांची गोष्ट आहे, तू जरा तिच्याजवळ थांब, एवढंच म्हणाले. म्हणून मी रस्ता ओलांडून गेले आणि दारापाशी उभी राहिले. काय बोलायचं ते सुचलं नाही. तिनेच तांब्या-भांडं आणून दिलं आणि विचारलं, गाडी तुमची का. मी मान हलवली.

भगवानराव जी खोली काढू म्हणत होते ती घराच्या कोपऱ्याला लागून होती, नंतर जोडलेली, उंचीला कमी. आत एक बाज, शेणाने नुकतीच सारवलेली जमीन, आणि खुंटीला जुन्या धोतराची शिवलेली दुपटी टांगलेली. वाऱ्याचं भोक राहू नये म्हणून भिंतीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. मी दुपट्यांकडे बघते आहे हे तिने पाहिलं.

"मागल्या साली उसाच्या फडातच गेलं," ती म्हणाली. "म्हनून आवंदा मी ऱ्हायले. ही खोली त्यायनी जायच्या आदी बांधून दिली."

तिने एक दुपटं खुंटीवर सारखं केलं. मी पाणी प्यायले. ते गार होतं आणि त्याला मातीचा वास होता.

तात्यांना बाजेवर बसवून भगवानराव समजावत होते. कारखाना तुमच्यासाठीच येतोय, पुढच्या सालापासून तुमच्या पोराला सांगली बघायला लागणार नाही, खोली काय, कारखाना पक्क्या विटांत बांधून देईल. तात्या खोकले की भगवानराव थांबत, मग परत सुरू करत. तात्या शेवटी म्हणाले, "तुमी म्हणताव तसं." सिंधूला कोणी विचारलं नाही. तिने एकदाच विचारलं, उंबऱ्यातून, घोळक्याकडे बघून, की बांधून कवा देनार. भगवानराव म्हणाले, लगेच.

मी काकांजवळ गेले. ट्रेलरचं तोंड अप्पांच्या ओट्याशी अडलं होतं. ओटा नसता तर घोडा आणखी बाहेर गेला असता, आणि मागची चाकं भिंतीपासून लांब राहिली असती. हे कळायला शिक्षण लागत नव्हतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसत असणार. मी काकांना हळूच म्हणाले की खोलीऐवजी ओट्याच्या पायऱ्या काढल्या तरी चालेल.

काकांनी ओट्याकडे एकदा बघितलं. "मला दिसतंय," ते म्हणाले. "पण ओट्याचा मालक इथं उभा आहे. खोलीचा मालक सांगलीला आहे."

अप्पा ओट्यावरच उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, बाईनं खाल्लं का नीट, अजून पाठवू का. मी म्हणाले, "नको, पोट भरलं."

सिंधूने बाज बाहेर काढली, दुपटी काढली, खुंटी उपसून घेतली. तात्यांनी देवाचा फोटो उचलला. मग चौघांनी टिकाव आणि पहारी घेतल्या. कालव्यावर गाडी उतरवायला अख्खी दुपार लागली होती. ही खोली पडायला एक चहा होईल एवढाच वेळ लागला. पांढऱ्या मातीची भिंत पडताना आवाज होत नाही, नुसता धुरळा उठतो. पत्रा मात्र फार वाजला. फटींतल्या चिंध्या ढिगाऱ्यात वेगवेगळ्या रंगांच्या दिसत होत्या.

मागची चाकं ढिगाऱ्यावरून, खोलीच्या सारवलेल्या जमिनीवरून गेली. ट्रेलर वळला. ड्रमला ओरखडाही आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर जे झालं ते सगळ्यांनी अगदी सहज केलं, म्हणून मी ते कोणाला नीट सांगू शकत नाही. गावातून कारखान्याचं पहिलं यंत्र चाललंय म्हणून नारळ फोडायचा ठरला. पूजेला सवाष्ण हवी होती. पोटुशी सवाष्ण असली तर आणखी चांगलं, असं कोणीतरी म्हणालं, आणि सिंधूला बोलावलं. अप्पांच्या बायकोने हळदीकुंकवाचा करंडा आणून तिच्या हातात दिला. सिंधू आली. पदर डोक्यावर घेतला आणि वाकता येत नव्हतं म्हणून गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाला हळद लावली, कुंकू लावलं. तिच्या हाताला पांढरी माती होती, ती कुंकवात मिसळली. भगवानरावांनी चाकापुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. गाडीची मालकीण म्हणून.

मी तो तुकडा खाल्ला नाही, टाकलाही नाही. कारखान्यापर्यंत मुठीत धरून ठेवला.

कारखाना म्हणजे तेव्हा काळ्या रानात उभे केलेले लोखंडी खांब, पत्र्याच्या शेड आणि एक क्रेन. ड्रम उतरवताना मी लांब उभी राहिले. तिथल्या इंजिनिअरने ड्रमवरचे सगळे जोड हात फिरवून तपासले आणि काकांना म्हणाला, एवढ्या खराब रस्त्यावरून येऊन एकही जोड हललेला नाही, आखूड गाडीवर हे शक्य नव्हतं. काकांनी एसटीडी बूथवरून बाबांना फोन लावला आणि हे शब्दशः सांगितलं. मग फोन माझ्याकडे दिला. बाबा हसत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, चहा सांडला का. मी म्हणाले, नाही सांडला.

दुसऱ्या दिवशी जेवताना भगवानराव काकांशेजारी बसले होते. अजून एक ड्रम यायचा होता, मग उसाच्या चरकाचे रूळ, मग आणखी बरंच काही, उन्हाळ्यापर्यंत. सगळं ह्याच ट्रेलरने आणायचं ठरलं. बाबांना हवं होतं तेच. रस्ता आता मोकळाच झालाय, भगवानराव म्हणाले. काकांनी खोलीचं विचारलं. विचारलं हे मला इथे लिहिलं पाहिजे, कारण काका वाईट माणूस नाहीत.

"बांधू की, शेवटची खेप झाली की बांधू," भगवानराव म्हणाले. "आदी बांधायची आन् परत पाडायची, ते कावून?"

त्यात चूक काही काढता येत नव्हती. काकांनी मान हलवली आणि भाकरी कुस्करली. तोवर सिंधूचं मूल जन्मून काही महिन्यांचं झालेलं असेल, असा हिशोब मी मनात केला, आणि जेवण तसंच ठेवून उठले.

परतीला ट्रेलर रिकामा होता. रिकामी लांब गाडी कशी वागते ते बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. वजन नसलं की पाटा प्रत्येक खड्ड्यात आपटतो, साखळ्या लोखंडावर खणखणतात, मागे कोणी हातोडे मारत असल्यासारखं वाटतं. हनीफचाचांनी सवयीने पेला फळीवर ठेवला आणि पहिल्याच खड्ड्यात अर्धा चहा त्यांच्या पायावर सांडला. त्यांनी पेला उचलून पायाशी ठेवला.

मी बाबांचे गुण परत एकेक करून आठवत होते, आणि एकही खोटा नव्हता. गाडी कमी उसळते, खरं आहे. माल शाबूत पोचतो, खरं आहे. तीन खेपा एका खेपेत होतात, हेही खरंच. लहान पाट्यावर हाच ड्रम मागून बाहेर आला असता, लाल फडकं बांधून हळूहळू आणावा लागला असता, कदाचित एखादा जोड हललाही असता, पण त्या वळणावर गाडी वळली असती. ह्याच्यातलं काय जास्त आणि काय कमी हे मी ठरवू शकत नव्हते. ठरवून उपयोगही नव्हता. दुसरा ड्रम भोसरीत तयार होता. बाबा पलंगावर पडून वाट बघत होते. कारखाना होणार होता, आणि तो झाला तर सिंधूचा नवरा कदाचित घरी राहून काम करणार होता. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता आणि थंडीचे दिवस होते.

गाव जवळ आलं तेव्हा काका जीप थांबवून केबिनपाशी आले. खोलीचं भगवानराव सांगतील, आपण त्यात पडायचं नाही, आपण वाहतूकवाले, असं म्हणाले. नंतर थोडं थांबून, तिला उगीच आत्तापासून त्रास कशाला, असंही म्हणाले.

वळणावर हनीफचाचांनी गाडी एकदम हळू केली. ढिगारा तिथे नव्हता. पांढऱ्या मातीचं आळं करून त्यात पाणी आणि भुसा घातलेला होता, आणि सिंधू लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचून, एका हाताने खांब धरून ती माती तुडवत होती. तात्या बसल्याबसल्या मातीचे गोळे भिंतीवर रचत होते आणि मधेमधे खोकत होते. भिंत गुडघ्याएवढी वर आली होती. आधी जिथे होती तिथे नव्हती. त्यांनी ती आत घेतली होती, हातभर. खोली तेवढी अरुंद झाली होती. बाज जेमतेम मावेल एवढी.

आम्हाला बघून सिंधू आळ्यातून बाहेर आली. पाय मातीने गुडघ्यापर्यंत पांढरे. ती खुशीत होती. तिने काकांना नाही, चाचांना नाही, मलाच हाक मारली.

"ताई, बगा, हातभर सोडली. परत कवा आसली गाडी आलीच तर आडायला नगं. एवढी बास हाय न्हवं?"

रिकामा ट्रेलर हळूहळू वळत होता. मी खिडकीतून मागे बघितलं. मागची चाकं त्या ओल्या भिंतीच्या दिशेने सरकत होती, कोपरा कापत. या वेळी पाट्यावर काही नव्हतं, म्हणून चाचांनी एक बाजू चारीच्या काठावरून घेतली आणि गाडी निघाली. ओल्या मातीला घासून, वरचा एक गोळा पाडून. ड्रम असता तर चारीच्या काठावरून घेता आली नसती. हातभर पुरेसं नव्हतं. दोन हातही पुरले नसते.

अप्पांनी ओट्यावरून आम्हाला हात केला. काका जीपमधून मान बाहेर काढून म्हणाले, छान, छान बांधलीय, आणि चाचांना पुढे चला अशी खूण केली. तात्या पडलेला गोळा उचलून परत जागेवर बसवत होते. सिंधू अजून माझ्याकडे बघत होती, उत्तर मिळेल म्हणून.

मी चाचांना थांबायला सांगितलं, दार उघडलं आणि खाली उतरले. जमीन वाटली त्यापेक्षा खाली होती, उतरताना माझा गुडघा खरचटला. रस्ता ओलांडून मी तिच्यासमोर उभी राहिले. माझं पुस्तकी मराठी मला त्या क्षणी ऐकू येत होतं, एसटीतल्या बाईचं हसूही ऐकू येत होतं. मी तिच्या मातीच्या हातांकडे बघितलं आणि ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"सिंधूताई, इथे भिंत बांधू नका. ही गाडी परत येणार आहे."